सोंगाड्याचा संच भाड्यानं: चड्डी पास, नाडी नापास

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतल्या, नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपरीत वगनाट्यासाठी 'सोंगाड्या संच' मिळतो. पट्ट्यापट्ट्यांची ढगळ अर्धी चड्डी, बंडी, टोपी आणि चिकटवायची मिशी. एका प्रयोगाचं भाडं 250 रुपये, अनामत 500. गॅदरिंगच्या दिवसांत आठवडाभर आधी सांगून ठेवलं तरच मापाचा हाती लागतो.

चड्डी शिवणारा जाणकार आहे. कापड सुती पॉपलीन, टेरिकॉट नव्हे, त्यामुळं उडी मारली की घोळ छान फुगतो. आसन खोल ठेवलंय, उकिडवं बसलं तरी शिवण जात नाही. इतर ठिकाणी साधी हाफपँटच दोन मापं मोठी करून देतात, आसन मात्र तेवढंच. मग पहिल्याच गिरकीत टर्रकन आवाज येतो, आणि लोक हसतात ते भलत्याच कारणानं.

नाडीत मात्र कंजूषपणा केलाय. संचात येते ती सव्वा मीटरची, नायलॉनची, पायजम्याची. 34 इंची कमरेला 86 सेंटिमीटर गेले, थोडी गाठीत गेली, की लोंबायला वीतभरही उरत नाही. शेवटच्या रांगेला दिसायची तर नाडी गुडघ्याखाली हवी. सव्वादोन मीटर सुती, जाड विणीची नाडी बाजारातून आणून ओवा. नायलॉनची गाठ घामानं सुटते. वगात कुणी नाडी ओढणार असेल, तर नेफ्याच्या मागच्या बाजूला मधोमध चार टाके घालून ती पक्की करा, नाहीतर अख्खी नाडी ओढणाऱ्याच्या हातात. आणि आत दुसरी घट्ट चड्डी पाहिजेच, यात चर्चा नाही.

संचाच्या पिशवीवर 'विच्छा: दादा कोंडके' अशी चिठ्ठी आहे. ती चूक आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले दादा वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात हवालदार होते. ते काम बघून आशा भोसलेंनी त्यांचं नाव आपल्या कोल्हापूरच्या चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांना सुचवलं, आणि 1969 च्या 'तांबडी माती'तून दादा पडद्यावर आले. लोंबत्या नाडीचा नाम्या 1971 च्या 'सोंगाड्या' चित्रपटातला. फरक नुसत्या कपड्याचा नाही. वगातला हवालदार बोलून मारतो. आजच्या पेपरातली बातमी घुसडतो, राजाला कोपरखळी देतो. नाम्या बावळटपणानं हसवतो, तिथं चेहरा आणि चड्डी निम्मं काम करतात. तेव्हा 'विच्छा' बसवणाऱ्यांनी हा संच उचलू नये, हवालदाराचा वेगळा मागावा. तो तिथंच आतल्या कपाटात असतो, विचारल्याशिवाय काढत नाहीत.

मिशी बरी आहे, पण सोबतचा गोंद पातळ. लावल्यावर हातानं वारा घालून तो चिकट होऊ द्या, मगच मिशी दाबा. ओल्यावर लावली तर पहिल्या लावणीपर्यंत ओठावर उतरते. टोपी एकाच मापाची येते. सैल असेल तर आतून कागदाची घडी घाला, पिना नकोत, टोपी उडवायचा प्रसंग आला की त्या टोचतात.

परत देताना चड्डी धुऊ नका. पट्ट्यांचा लाल रंग पांढऱ्यावर उतरतो आणि अनामतीतून 100 रुपये कापतात. नुसती उन्हात वाळवून, स्वतःची नाडी काढून घेऊन द्या.