आधी कव्हर की आधी व्हिडिओ? नव्या गायकाने प्रतिमा कशी उभी करावी

अल्बम तयार आहे. मिक्सिंग-मास्टरिंग उरकलंय आणि हातात एवढाच पैसा आणि वेळ उरलाय की एकच गोष्ट धड होईल: अल्बमचं कव्हर किंवा एखाद्या गाण्याचा व्हिडिओ. बहुतेक नवे गायक फार विचार न करता व्हिडिओकडे वळतात आणि कव्हरचं काम शेवटच्या आठवड्यात एखाद्या हाताशी असलेल्या फोटोवर भागवतात. मला हा क्रम चुकीचा वाटतो. ज्याचा चेहरा लोकांना अजून माहीत नाही, त्याने आधी कव्हरवर मेहनत घ्यावी. याला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे, त्याकडे येतेच.

व्हिडिओ एका गाण्याचा असतो, कव्हर मात्र अल्बममधल्या प्रत्येक गाण्याला चिकटलेलं असतं. प्लेलिस्टमध्ये, लॉक स्क्रीनवर, कुणी गाणं पाठवलं तर त्या लिंकसोबत, सगळीकडे तोच चौकोन दिसतो. फक्त तो आता फार लहान झालाय. एलपी, म्हणजे मोठ्या तबकडीच्या काळात 12 इंचांचा पुठ्ठा मिळायचा, सीडीत तो 12 सेंटिमीटरवर आला आणि आज बऱ्याचदा नखाएवढा उरतो. गाणी ऑनलाइन चढवणारे वितरक भलीमोठी 3000 बाय 3000 पिक्सेलची फाइल मागतात खरी, पण ऐकणाऱ्याला ती दिसते नखाएवढीच.

म्हणून कव्हरवर एकच गोष्ट हवी आणि ती दुसऱ्या कुणाची वाटता कामा नये. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचा 1973 चा ‘अलादिन सेन’ हा अल्बम बघा. ब्रायन डफीने काढलेला फोटो: पांढरी पार्श्वभूमी, उघडे खांदे, लाल केस, मिटलेले डोळे आणि कपाळावरून उजव्या डोळ्यावर उतरत गालापर्यंत आलेली लाल-निळी वीज. गळ्याखालच्या हाडाच्या खळगीत साचलेला चंदेरी थेंब. तो थेंब मोठ्या पुठ्ठ्यावरच नीट दिसतो, पण वीज नखाएवढ्या चित्रातही ओळखू येते. पन्नास वर्षं उलटली तरी कुणी चेहऱ्यावर तशी वीज रंगवली की बोवीच आठवतो. त्यासाठी त्याचं एकही गाणं ऐकलेलं असावं लागत नाही.

शिवाय कव्हरवर शरीराचेही नियम चालत नाहीत. गायिका ग्रेस जोन्सच्या ‘आयलंड लाइफ’ या अल्बमवर (1985) ती एका पायावर तोल सांभाळत हातात माइक धरून उभी आहे. ही पोझ कुठल्याच माणसाला प्रत्यक्षात जमणार नाही. छायाचित्रकार ज्याँ-पॉल गूदने वेगवेगळे फोटो कापून, जोडून, वरून रंगवून ती घडवली. ग्रेस जोन्स अर्धी माणूस आणि अर्धी शिल्प वाटते, ती या एका चित्रामुळे.

आता अपवाद. ज्याची ओळख चेहऱ्यात नसून हालचालीत आहे, त्याला कव्हर फारसं उपयोगी पडत नाही. मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ हा अल्बम नोव्हेंबर 1982 मध्ये आला. कव्हरवर तो पांढऱ्या सुटात निवांत पहुडलाय. तो सूटही छायाचित्रकार डिक झिमरमनचा स्वतःचा होता. फोटो देखणा आहे, पण त्यात नाचाचा मागमूस नाही. 1983 मध्ये ‘बिली जीन’च्या व्हिडिओत त्याच्या पावलांखाली फरशा उजळू लागल्या आणि वर्षअखेरीस जॉन लँडिसने दिग्दर्शित केलेला ‘थ्रिलर’ गाण्याचा जवळपास 14 मिनिटांचा व्हिडिओ आला. आज जॅक्सनची नक्कल करणारा त्या व्हिडिओतलं लाल जॅकेट घालतो, पांढरा सूट नाही. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एकाचं कव्हर इतक्या घरांत पोचलं, तरी लक्षात राहिला तो व्हिडिओच. कोरियन गायक सायच्या ‘गंगनम स्टाइल’चंही तेच. डिसेंबर 2012 मध्ये यूट्यूबवर 1 अब्ज वेळा पाहिला गेलेला तो पहिला व्हिडिओ, आणि त्या गाण्याचं कव्हर कसं होतं हे किती जणांना सांगता येईल?

तुम्ही या अपवादात बसता का, हे तपासायला फोन पुरतो. गातानाचं साधं रेकॉर्डिंग करा आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या दोन-चार जणांना आवाज बंद करून दाखवा. ते आपणहून शेवटपर्यंत बघत राहिले तर आधी व्हिडिओ करा. नजर लगेच इकडेतिकडे गेली तर कव्हर. गाणं कितीही आवडतं असलं तरी इथे स्वतःची समजूत काढू नका.

ब्रिटिश गायक पीटर गेब्रियलने कव्हर आणि व्हिडिओ या दोन्हींची कामं फार हुशारीने वाटून दिली. त्याच्या 1980 च्या अल्बमवर त्याचा अर्धा चेहरा वितळल्यासारखा दिसतो. 1986 च्या ‘सो’वर मात्र साधा, स्वच्छ, कृष्णधवल चेहरा आहे, आणि सगळा खेळ ‘स्लेजहॅमर’च्या व्हिडिओत. तिथे तो चेहरा एकेक फ्रेम करत फळांचा होतो, मातीचा होतो, त्याच्याभोवती आगगाडी फिरते. कव्हरवर चेहरा जसाच्या तसा आहे, म्हणूनच तो मोडताना बघायला मजा येते.

पण मर्यादित साधनांत काम करणाऱ्याने मला वाटतं गायिका सियाकडे बघावं. 2014 च्या ‘1000 फॉर्म्स ऑफ फिअर’ या अल्बमच्या कव्हरवर ती नाहीच, काळ्या पार्श्वभूमीवर फक्त सोनेरी केसांचा आखूड टोप आहे. ‘शँडेलिअर’च्या व्हिडिओत तोच टोप घालून 11 वर्षांची मॅडी झिग्लर नाचते. गायिकेने चेहरा दाखवलाच नाही, तरी टोप दिसला की सिया आठवते. कव्हर आणि व्हिडिओ दोन वेगळ्या कल्पनांवर करण्यापेक्षा अशी एक वस्तू शोधणं स्वस्तही पडतं आणि मनातही जास्त रुजतं.

बियॉन्सेच्या 2013 च्या अल्बमचं उदाहरण नव्यांनी गिरवू नये. काळं कव्हर, त्यावर गुलाबी अक्षरांत फक्त नाव आणि सोबत 17 व्हिडिओ. तिचा चेहरा साऱ्या जगाला पाठ होता, म्हणून कव्हर गप्प राहिलेलं चाललं.

कव्हर आधी करायचं ठरलं, तर एक काम त्याच दिवशी उरका. व्हिडिओतली फ्रेम कापून कव्हर केलं की ते बहुधा फसतं: आडवी चौकट चौरसात बसवताना खांदे तुटतात आणि हालचालीत चेहरा धूसर होतो. उलट दिशेने जाणं सोपं. फोटोशूटला तोच पोशाख, तोच प्रकाश असताना कॅमेरा उभा धरून थोडं चित्रीकरण करून ठेवा. स्पॉटिफायवर गाण्यामागे फिरणाऱ्या ‘कॅनव्हास’ला 3 ते 8 सेकंदच लागतात, आणि तेवढ्यात मान वळवून नजर कॅमेऱ्याकडे आणणं सहज बसतं.