मॉर्फिनची गोळी सोडून फेंटानिलचा पॅच: कोकणातल्या उन्हाळ्यातला अनुभव

फेंटानिलचा पॅच, म्हणजे मॉर्फिनसारखेच तीव्र वेदनाशामक कातडीवाटे हळूहळू सोडणारी चिकटपट्टी, द्यावा की नाही हे ठरवताना डॉक्टर मूत्रपिंडे पाहतात, वेदनेचा जोर पाहतात, आधीचा डोस पाहतात. रुग्णाला घाम किती येतो, हे मात्र कोणी विचारत नाही. 72 तास टिकायला हवा असलेला माझा पॅच गेल्या आठवड्यात दुसऱ्याच दिवशी सदऱ्याच्या आतल्या बाजूला चिकटलेला सापडला, म्हणून हे लिहायला घेतले आहे.

मला मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातला एक रक्ताचा कर्करोग आहे. आजार सध्या आटोक्यात असला तरी खचलेल्या मणक्यांचे दुखणे राहिलेच, आणि त्यासाठी मी मॉर्फिनची 12 तास चालणारी 30 मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ घेत असे. गोळी स्वस्त होती आणि गुणही चांगला येत होता. पण या आजारात मूत्रपिंडेही बिघडतात. मॉर्फिनपासून यकृतात तयार होणारे घटक मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडत असल्याने ते शरीरात साचू लागतात, गुंगी वाढते आणि हातपाय अवचित झटके देतात. कप बशीत ठेवताना हात उडून चहा सांडू लागला, मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिनही चढले, तेव्हा आमच्या डॉक्टरबाईंनी तासाला 25 मायक्रोग्रॅम औषध सोडणारा पॅच सुरू केला. फेंटानिलचे विघटनही यकृतातच होते, परंतु त्यातून उरणारे घटक मॉर्फिनच्या घटकांसारखे त्रास देत नाहीत.

पहिला पॅच लावला त्याच वेळी मॉर्फिनची शेवटची मोठी गोळी घ्यायची होती, कारण पॅचमधले औषध आधी कातडीत साठते आणि रक्तात पुरेसे उतरायला 12 ते 24 तास घेते. मला तर दुसऱ्या दिवशीही उतार वाटेना. त्यातच जांभया, घाम आणि जुलाब सुरू झाले, तेव्हा एवढे महाग औषध घेऊन पैसे पाण्यात गेले असे माझे ठाम मत झाले. आतड्यांना मॉर्फिनची सवय झालेली असते आणि फेंटानिलचा आतड्यांवरचा परिणाम त्यामानाने सौम्य असतो, म्हणून काहींना असा त्रास होतो, असे डॉक्टरबाईंनी समजावले. अधूनमधून घेण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनच्या लहान गोळीने तो शमला. तिसरा दिवस उलटल्यावर मात्र मला मत बदलावे लागले. पुढे झटके थांबले, डोके स्वच्छ झाले आणि बद्धकोष्ठाचे औषध निम्म्यावर आले. औषधाविषयी माझी आता काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती गोंदाविषयी. जागा नुसत्या पाण्याने धुवायची, साबण लावायचा नाही, पूर्ण कोरडी करायची, केस वस्तऱ्याने न काढता कात्रीने कापायचे, पॅच तळहाताने 30 सेकंद दाबून धरायचा आणि दर वेळी जागा बदलायची, हे सारे मी पूजेच्या सोवळ्यासारखे पाळतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीच्या दमट हवेत आधी एक कोपरा उचलला जातो, मग कड गुंडाळते, तिला बनियनचे सूत चिकटते आणि ती पुन्हा काही केल्या बसत नाही. दिवाळीच्या अभ्यंगात छाती आणि दंड कोरडे ठेवावे लागले ते वेगळेच. पॅच निघालाच तर नवा दुसऱ्या जागी लावून 72 तास पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. म्हणजे महिन्याला 10 पॅच हा हिशेब कागदावरच राहतो.

हा वाढीव खर्च ऐकून आमच्या मेहुण्यांनी पॅच अर्धा कापून लावण्याची युक्ती सुचवली. ती डॉक्टरबाईंच्या कानावर घालताच त्या खुर्चीतून अर्धवट उठल्याच. कापलेल्या पॅचमधून औषध किती वेगाने सुटेल याचा नेम राहत नाही आणि जास्त डोसाने श्वास मंदावू शकतो. त्याच कारणाने पॅचवर शेकायची पिशवी ठेवायची नाही. ताप आला तरी औषध जास्त शोषले जाते, म्हणून लगेच कळवायचे असते. वापरलेल्या पॅचमध्येही बरेच औषध शिल्लक असते; तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, नातवंडांच्या हाती लागू द्यायचा नाही आणि पुढच्या खेपेला रुग्णालयात मोजून परत द्यायचा. या मोजदादीमुळे गळून पडलेल्या पॅचचाही हिशेब द्यावा लागतो.

1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी औषधे मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ठेवणे सोपे झाले, हे खरे. पण आमच्या गावातला औषधविक्रेता अजूनही चिठ्ठी पाहून मान हलवतो, आणि जास्तीचा पॅच लागला की एसटीने अर्धा दिवस घालवावा लागतो. उत्पादक कंपनीला गोंदाबद्दल लिहिले, तर त्यांनी बॅच क्रमांक मागवून घेतला आणि पुढे मौन धारण केले. पॅच बदलून मिळाला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

सध्या डॉक्टरबाईंच्या सल्ल्याने पॅच लावल्याबरोबर चारही कडांना कागदी चिकटपट्टी लावतो आणि वर पेनाने तारीख-वेळ लिहितो. एवढ्याने बहुतेक पॅच तीन दिवस टिकू लागले आहेत. ती चिकटपट्टी औषधाच्या मानाने फुकटात पडते. कंपनीने ती खोक्यातच का घातली नाही, हे मला कळलेले नाही.