दारूच्या व्यसनासाठी ब्रेन एमआरआय: कोल्हापुरातल्या एका पॅकेजची पारख

शहरातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये दारूचं व्यसन असलेल्यांसाठी खास पॅकेज मिळतं. त्यात साधा ब्रेन एमआरआय असतो, त्यावर 'फंक्शनल' नावाचा जादा भाग असतो आणि शेवटी रंगीत चित्रांचा रिपोर्ट हातात पडतो. सेंटरचं नाव इथं देत नाही, कारण पुढचं सगळं कुठल्याही सेंटरला लावून बघता येतं. निकाल आधीच सांगतो. साधा भाग नीट केलेला आहे, आणि डॉक्टरांनी ठरावीक शंकेसाठी लिहून दिला असेल तर तो जरूर करावा. जादा भागाचे पैसे देऊ नयेत.

मशीन 1.5 टेस्लाचं आहे (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). या कामाला तेवढं पुरतं, 3 टेस्लासाठी पुण्याला धावायची गरज नाही. सेंटरची खरी परीक्षा होते ती मशीनच्या खोलीबाहेर. इथला फॉर्म भरून घेणारा माणूस पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट हे नेहमीचे प्रश्न तर विचारतोच, पण त्याबरोबर 'काम काय करता?' हेही विचारतो. कोल्हापुरात हा प्रश्न सोडून चालत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथं फाउंड्रीत, ग्राइंडिंगवर, लेथवर आयुष्य काढलेली माणसं घरोघरी आहेत. कधीतरी डोळ्यात कीस उडालेला असतो, कुणीतरी तो काढलेला असतो, आणि बारीक तुकडा आत राहिल्याचा पत्ताही नसतो. लोखंडाचा तो कण चुंबकीय क्षेत्रात हलला तर डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते. म्हणून अशी शंका असली की आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढतात. इथं तो खरोखर काढायला लावतात. नशेत किंवा गोंधळलेल्या अवस्थेत आलेल्या माणसाच्या 'नाही हो, काही नाही' यावर विसंबत नाहीत, घरच्यांनाही वेगळं विचारतात. या एका गोष्टीसाठी सेंटरला पूर्ण गुण.

वेळेच्या बाबतीत मात्र हेच सेंटर ढिलं आहे. शेवटचा पेग कधी घेतला, हे फॉर्मवर कुठंच नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि 2 ते 4 दिवसांच्या सुमारास भ्रम, भास, ताप, घाम असा जीवघेणा प्रकार सुरू होऊ शकतो. अशा माणसाला बंद बोगद्यात 25-30 मिनिटं एकट्याला निजवणं धोक्याचं आहे. तातडीचं कारण नसेल तर हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत जाऊ द्यावेत, मग स्कॅन करावा. शिवाय हातापायांना कंप असला की डोकंही हलतं आणि चित्रावर पट्ट्या उमटतात. टेक्निशियन 'मामा, मान हलवू नका' असं माइकवरून कितीही वेळा म्हणाला तरी विथड्रॉवलचा, म्हणजे दारू तुटल्यावरचा, कंप सांगून थांबत नाही. डोक्याच्या कॉइलमध्ये दोन्ही बाजूंना फोमच्या उशा घट्ट बसवल्या तर थोडा फरक पडतो, आणि ते इथं करतात. झोपेचं इंजेक्शन द्यायचं असेल तर शेजारी डॉक्टर आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचा क्लिप हवाच. तसं नसेल तर सरळ तारीख बदलून घ्यावी.

आता चित्रांकडे. साध्या ब्रेन एमआरआयमध्ये काप बहुधा 5 मिलिमीटर जाडीचे असतात. दारूत बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी पडून मेंदूला जी इजा होते तिला वर्निके म्हणतात. ती बघायची जागा म्हणजे मॅमिलरी बॉडीज, मेंदूच्या तळाशी असलेले दोन बारीक उंचवटे. त्यांचा आकारच 5 मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळं जाड कापात त्या अर्ध्यामुर्ध्या येतात किंवा निसटतात. इथं 1 मिलिमीटरच्या कापांचा थ्रीडी टी-1 हा स्कॅनचा प्रकार घेतात आणि चेहऱ्याला समांतर असे उभे कोरोनल काप वेगळे देतात. सोबत फ्लेअर आणि डिफ्यूजन हे आणखी दोन प्रकार असतात, आणि जुना बारीक रक्तस्राव दिसावा म्हणून एसडब्ल्यूआयही असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहून न घेता 'अल्कोहोल, ?वर्निके' असं लिहून घ्यावं. शंका कळली तरच रेडिओलॉजिस्ट मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमसचा आतला भाग आणि मॅमिलरी बॉडीज मुद्दाम बघतो.

यात एक गोष्ट जिवाशी येऊ शकते. एमआरआय नॉर्मल आला म्हणून वर्निके नाही, असं होत नाही. 1998 च्या एका अभ्यासात एमआरआयनं वर्निकेचे जेमतेम 53 टक्के रुग्ण पकडले. दिसलं तर खात्री बरीच, न दिसल्यास काहीच सिद्ध होत नाही. पिणारा माणूस अचानक गोंधळला, चालताना झोकांड्या जायला लागल्या, डोळे भिरभिरू लागले किंवा एका बाजूला वळेनासे झाले, तर स्कॅनचा नंबर लागेपर्यंत थांबू नये. यातलं एखादंच लक्षण असलं तरी दवाखाना गाठावा, कारण तिन्ही एकत्र फार थोड्यांत दिसतात. 'अशक्तपणा आलाय' म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घेणं तर टाळावंच. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं, आणि आधीच खडखडाट असताना वरून ग्लुकोज ओतलं की उरलंसुरलंही संपतं. थायमिन आधी, आणि तेही शिरेतून. दारूनं खराब झालेल्या आतड्यातून गोळी पुरेशी शोषली जात नाही. पडून डोक्याला मार लागला असेल तर पहिली तपासणी सीटी स्कॅन. रक्ताची गाठ काही मिनिटांत दिसते.

रिपोर्टची भाषा मोजकी आहे, आणि ते चांगलं आहे. मेंदूच्या घड्यांमधल्या खाचा रुंद होणं, आतली पोकळी वाढणं, लहान मेंदूचा वरचा मधला भाग सुकणं, हे लिहिताना वयाचा उल्लेख करतात. चाळिशीच्या माणसात जे खटकतं ते सत्तरीत नेहमीचं असतं. 'ॲट्रॉफी', म्हणजे मेंदू सुकणं, हा शब्द वाचून घरची माणसं हातपाय गाळतात. त्यांना सांगायला हवं, की दारू सुटल्यावर हा आकार काही प्रमाणात भरून येतो. त्याच माणसांचा काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून बघितल्यावर हे दिसलेलं आहे. भरून येण्याचा वेग सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त असतो.

आता तो 'फंक्शनल' भाग. मशीनमध्ये निजलेल्या माणसाला बाटल्यांचे, ग्लासांचे फोटो दाखवतात, मध्ये पाण्याचे किंवा साधे फोटो, आणि मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातल्या ऑक्सिजनचं गणित बदललं ते मोजतात. संशोधनात ही पद्धत मोलाची आहे. 1990 मध्ये सेइजी ओगावा या शास्त्रज्ञांनी रक्तातल्या ऑक्सिजनचा हा संकेत दाखवून दिला, आणि त्यावर व्यसनाचं बरंच ज्ञान उभं राहिलं. बाटली बघताच व्हेंट्रल स्ट्रायाटम हा मेंदूतला बक्षिसाच्या ओढीशी जोडलेला भाग जागा होतो, हे कितीतरी गटांत दिसलंय. पण गटांत. मोजला जाणारा बदल एखाद-दुसऱ्या टक्क्याचा, तोही 5-6 सेकंद उशिरानं येणारा. तो गोंगाटातून बाहेर काढायला अनेक माणसांची सरासरी लागते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, त्याच माणसाला पुन्हा तीच चाचणी दिल्यावर आकडे कितपत जुळतात ते तपासलं. पूर्ण जुळलं तर 1, आणि निघालं 0.4 च्या आसपास. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात संशोधकांच्या 70 गटांना एकच डेटा दिला होता, तेव्हा निष्कर्षांत ठळक फरक पडले. अशा आकड्यांवर 'तुमच्या यजमानांची ओढ 70 टक्के' असं कुणा वहिनींना सांगणं अन्यायाचं आहे. रिपोर्टवरचा लाल डाग म्हणजे सूज नाही, जळलेला भागही नाही. तो संख्याशास्त्राच्या कसोटीत पास झालेल्या ठिपक्यांचा रंग आहे. कसोटी सैल केली की डाग मोठा होतो, कडक केली की गायब.

'डोपामाइन लेव्हल' असा शब्दही पॅकेजच्या पत्रकावर आहे. डोपामाइन हे मेंदूतलं, ओढीशी जोडलेलं रसायन, आणि एमआरआय ते मोजत नाही. नोरा व्होल्कोव या संशोधिकेच्या 1996 च्या अभ्यासात दारूच्या रुग्णांत डी-2 रिसेप्टर, म्हणजे डोपामाइन पकडणाऱ्या जागा, कमी आढळले; पण तो पेट स्कॅन होता, शरीरात किरणोत्सारी द्रव्य सोडून करायचा. त्यातल्या रॅक्लोप्राइड या द्रव्यावरचा कार्बन-11 दर 20 मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळं ते बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र शेजारी असल्याशिवाय ते वापरताच येत नाही. कॅन्सरसाठी होणारा नेहमीचा पेट स्कॅन साखरेचा वापर दाखवतो. पत्रकातली ही ओळ सेंटरनं काढून टाकावी.

'वडील पितात, मग मुलाचाही स्कॅन करून घ्या' हा सल्लाही ऐकायला मिळतो. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत अशा मुलांवर दर्जेदार काम झालंय, आणि गट म्हणून मेंदूच्या काही भागांच्या आकारात फरक दिसलाय. त्यावरून एकट्या पोराचं भविष्य वाचता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या कपाळी असा शिक्का मारणं वाईटच.

व्यसन आहे की नाही हे ठरवायला जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची 10 प्रश्नांची चाचणी आहे. गुण 40 पैकी. 8 किंवा जास्त आले की धोका धरतात आणि 20 किंवा जास्त आले की अवलंबित्वाची तपासणी करतात. दहा मिनिटंही लागत नाहीत. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून जावं, किंवा आधी बोलायचं असेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे सरकारी नंबर आहेत. लिव्हरच्या तपासण्या आधी हव्यात, कारण नाल्ट्रेक्सोन किंवा डायसल्फिराम ही दारू सोडवायची औषधं द्यायची का ते त्यावर अवलंबून असतं. स्कॅनवर ते ठरत नाही.

तरीही साधा एमआरआय इथं करणार असाल तर फिल्मसोबत डायकॉम फाइलची, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल चित्रांची, सीडी किंवा लिंक मागून घ्या. काउंटरवर न मागता देत नाहीत. फिल्मवर निवडक काप छापलेले असतात, आणि पुढं न्यूरोलॉजिस्टला बघायचे असतात ते 1 मिलिमीटरचे काप फक्त त्या फाइलमध्ये मिळतात.