सुट्टीतलं गावचं घर आणि पत्र्याचा कूलर

मे महिन्यात लेकी-जावई, नातवंडं गावी आली की त्यांचा मुक्काम आठ दिवसांचा होणार की तिसऱ्याच दिवशी बॅगा भरल्या जाणार, हे विदर्भात बहुतेक वेळा कूलरच ठरवतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या बाजूला पारा ४५ च्या आसपास ठाण मांडून बसतो आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की पंखा नुसती झळ फिरवतो. राज्यात इतरत्र जूनच्या मध्याला शाळा उघडतात, इकडे उन्हामुळे त्याहून उशिरा. म्हणजे सुट्टी लांब आणि तापलेलीही. ज्या घरात एरवी दोन म्हातारी माणसं असतात आणि मे महिन्यात दहा-बारा, त्या घराला कोणता कूलर घ्यावा एवढाच इथे प्रश्न आहे. तालुक्याच्या गावात बनवून मिळणारा पत्र्याचा, की कंपनीचा प्लास्टिकचा?

निकाल आधीच सांगून टाकतो. पत्र्याचा घ्या, १८ इंची पंखा, तीन बाजूंना लाकडाच्या किसाच्या ताट्या (पाणी धरून ठेवणारी पॅड). मात्र अर्थिंग पक्कं हवं, पाण्याची सोय हवी आणि खिडकी योग्य हवी. यातलं एक जरी हुकलं तरी घेऊ नका.

दुकानात गेल्यावर रंगाकडे पाहू नका, पत्र्याचं गेज विचारा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २२ किंवा २४ गेजचा जस्ती पत्रा असला तर टाकी बरेच उन्हाळे काढते. २८ चा पत्रा अंगठ्याने दाबला की आत जातो आणि दुसऱ्या वर्षी कोपऱ्यातून झिरपू लागतो. टाकीला आतून डांबराचा हात दुकानातच मारून घ्यावा, घरी आणल्यावर ते काम राहूनच जातं. पंख्याची मोटर ९०० आरपीएमची (मिनिटाला ९०० फेरे) आणि १४०० ची अशी दोन्ही मिळते. १४०० ची हवा लांब फेकते, पण त्या आवाजात शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. झोपायच्या खोलीला ९०० चीच बरी. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, तांब्याचं आहे असं बिलावर लिहून घ्या. ॲल्युमिनियमचं स्वस्त पडतं आणि नेमकं लग्नसराईत जळतं. पंपाचं आणि पंख्याचं बटण वेगवेगळं असलंच पाहिजे. दुकानदार एका बटणावर भागवायला बघतो, तिथे ऐकू नये. का ते पुढे येईलच.

खोलीला किती हवा लागते याचा हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणायची आणि दोनाने भागायचं. १२ बाय २० ची, १० फूट उंचीची बैठक म्हणजे २४०० घनफूट; तिला १२०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला १२०० घनफूट हवा देणारा, कूलर लागतो, आणि १८ इंची पंखा तेवढी हवा आरामात देतो. कवेलूच्या म्हणजे कौलारू घरात छप्पर उंच आणि फटी भरपूर, तिथे दीडपट धरा.

आता कूलर करतो काय, ते नीट समजून घेतलं की निम्म्या तक्रारी मिटतात. ओल्या ताटीतून कोरडी हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक २३ च्या आसपास थांबतो. कूलर या २० अंशांतला पाऊण टप्पा गाठतो, म्हणजे आत येणारी हवा २८ च्या जवळपास. हाच हिशेब जूनअखेरचा, ३५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेचा करा. हवा जेमतेम चार-पाच अंश उतरते आणि अंग चिकचिकायला लागतं. पहिला पाऊस पडला की पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा, तो यासाठी. टाकीत बर्फाची लादी टाकणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट एक लिटर पाण्याची वाफ होताना जाते. बर्फ पन्ह्यात टाकावा. छतावरच्या टाकीतलं पाणी मेमध्ये चटका देण्याइतकं गरम असतं, पण तेही कूलरला चालतं. ताटीवरून दोन-चार फेऱ्या झाल्या की निवतं.

वाफ होते म्हणजे पाणी जातं, आणि भरपूर जातं. भर दुपारी १८ इंची कूलर तासाला १५ ते २० लिटर पाणी पितो. दिवसरात्र मिळून बारा तास चालवला तर दोनशे लिटरपर्यंत, म्हणजे बारा-तेरा बादल्या. नळ एक दिवसाआड येणाऱ्या किंवा टँकरवर असलेल्या गावात हा आकडा खरेदीच्या आधी घरात मोठ्याने म्हणावा. पाणी भरणारी बाई आणि कूलरसमोर लोळणारी माणसं सहसा वेगळी असतात. छतावरच्या टाकीतून नळी काढून कूलरच्या टाकीत बॉल कॉक (टाकी भरली की आपोआप बंद होणारा नळ) बसवणं हा खर्च किरकोळ आहे, आणि तो सगळ्यात आधी करायचा.

जागेबद्दल. कूलर खोलीच्या बाहेर, खिडकीला लावून, लोखंडी स्टँडवर. खोलीच्या आत ठेवला तर तो तीच ओली हवा फिरवत बसतो आणि तासाभरात कोंदट होतं. खिडकी उत्तरेची किंवा पूर्वेची निवडा, वर सज्जा किंवा ताटव्याची सावली असू द्या. पश्चिमेच्या खिडकीत दुपारभर पत्राच तापतो. गोठ्याच्या, मोरीच्या किंवा चुलीच्या बाजूची खिडकी असेल तर तो वास रात्रभर घरात. खिडकी आणि कूलर यांच्यामधली फट प्लायने किंवा थर्माकोलने बुजवा. आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवा, दर हजार सीएफएमला दीड-दोन चौरस फूट या मापाने. शहरातून आलेली मंडळी एसीच्या सवयीने दार लोटून घेतात आणि मग कूलर थंड करत नाही म्हणतात! हवा बाहेर गेली नाही तर नवी आत येणार कुठून? कवेलूच्या घराला याची फार काळजी नसते, वापरलेली हवा फटींतून आपोआप निघून जाते. स्लॅबच्या घरात मात्र दार उघडं हवंच, शिवाय स्लॅबवर चुना मारलेला असला तर संध्याकाळी छताची धग कमी उतरते.

ताट्या हा कूलरचा जीव. लाकडाच्या किसाच्या ताट्या दर एप्रिलला नव्या लावाव्या. गेल्या वर्षीच्या झटकून परत लावणं ही खोटी काटकसर. नव्या ताट्या लावल्यावर पहिलं पाणी तांबूस येतं आणि उग्र वास सुटतो, ते पाणी ओतून टाकून टाकी पुन्हा भरा. कीस सगळीकडे सारखा पसरलेला हवा. उजेडाकडे धरून पाहा. आरपार दिसत असेल तर तिथून कोरडी गरम हवा सरळ आत येणार. वाळ्याच्या ताट्यांना सुवास येतो, पाहुण्यांना कौतुक वाटतं, पण त्या महाग पडतात आणि सुवास काही दिवसांचाच. हौस असेल तर तीनपैकी एक ताटी वाळ्याची लावा.

कूलर अचानक गरम हवा देऊ लागला तर मेकॅनिकला फोन करण्याआधी ताटीवर बाहेरून तळहात फिरवा. कुठेतरी कोरडा पट्टा लागेल. वरच्या पन्हाळीचं त्या जागेचं भोक क्षाराने बुजलेलं असतं. खराट्याच्या काडीने मोकळं केलं की पाच मिनिटांत फरक पडतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या त्या गावांत, हा त्रास सगळ्यात जास्त. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतो, टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होत जातं आणि ताटीवर पांढरी खपली धरते. तिथे दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करण्याला पर्याय नाही. इतरत्रही आठवड्यातून एकदा टाकी ओतून, घासून, कोरडी करायचीच, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

आता विजेचं, आणि इथे घाई नको. पत्र्याचं अंग, आत पाणी, खाली ओली जमीन आणि आजूबाजूला अनवाणी पोट्टे. कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात आणि महावितरणही दरवर्षी सावध करतं. सुट्टीत धोका वाढतो, कारण घरात अशी मुलं असतात ज्यांना या वस्तूची सवय नाही. त्यांना जाळीवर पाणी उडवायचं असतं, पंख्यासमोर तोंड धरून आवाज काढायचा असतो. म्हणून तीन पिनांचाच प्लग आणि त्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायर नसते. वायरमनकडून टेस्ट लॅम्पने तपासून घ्या: फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. अर्थिंगचा खड्डा मेमध्ये कोरडा पडतो, काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंग नावालाच उरतं. तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, कूलरवर खर्च करणाऱ्याने यावर कंजुषी करू नये. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. पंपाच्या वायरचा जोड पाण्याच्या वर, टेपने गुंडाळलेला. पंप कोरडा चालला की जळतो, म्हणून पाणी त्याच्या डोक्याच्या वर असायला हवं.

संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, पंखा गुणगुणतो आणि फिरत नाही. काठीने ढकलून सुरू करण्याचा उद्योग नको. व्होल्टेज ठीक असतानाही तसंच होत असेल तर कपॅसिटर गेलेला असतो आणि तो कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पत्र्याच्या कूलरच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच. मोटर, पंप, कपॅसिटर, ताट्या, सगळं तालुक्याला मिळतं आणि गावातला वायरमन तासाभरात बसवून देतो.

कंपनीचा प्लास्टिकचा कूलर दहा ते पंधरा हजारांत येतो, पत्र्याचा पाच ते आठ हजारांत. प्लास्टिक गंजत नाही, अंगात करंट उतरण्याची भीती कमी, चाकं असतात, वीज कमी खातो. पण त्याची मधाच्या पोळ्यासारखी कागदी पॅड खाऱ्या पाण्याने बुजली की बदलायला महाग, आणि बोर्ड किंवा मोटर गेली तर सर्व्हिसवाला जिल्ह्याहून येतो; मे महिन्यात तो येईपर्यंत पाहुणे महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलेले असतात. उन्हात ठेवलं की प्लास्टिक कडक होऊन तडकतं. दोघंच राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी, इन्व्हर्टरवर चालणारा लहान प्लास्टिकचा कूलर मात्र चांगला. मोठा कूलर ते आपल्या दोघांसाठी लावतच नाहीत, पोरं आली की लावतात. १५० एएचच्या बॅटरीवर मोठा कूलर पाचेक तास जातो, लहान रात्रभर. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर भणभणते आणि तापते, तिथे साइन वेव्हच हवा.

रात्री बैठकीत गाद्या घालताना तान्हं मूल आणि दमेकरी माणूस थेट झोतात नको, त्यांना भिंतीकडे. पोरं झोताच्या तोंडाशीच जाणार, जाऊ द्या. पहाटे तीनच्या सुमारास गारवा वाढून पांघरुणाची ओढाताण सुरू होते, तेव्हा पंप बंद, पंखा चालू. वेगळं बटण त्यासाठी. ज्या खोलीत कूलर, त्या खोलीत कुरडया, पापड, सांडगे यांचे डबे ठेवू नका, नीट बंद नसले तर आठवड्यात मऊ पडतात. चांगल्या भावाची वाट पाहत घरात रचलेला कापूस असेल तर तो दुसऱ्या खोलीत हलवा, ओल धरली की व्यापारी काटा मारतो.

मृग बरसला आणि पाहुणे गेले की त्याच आठवड्यात टाकी उपसा. ताट्या काढून फेका, पंप धुऊन कोरडा करून कागदात गुंडाळा, टाकीतला गंज तारेच्या ब्रशने खरवडून डांबराचा हात द्या, आणि कूलर खिडकीतून काढून पडवीत उपडा ठेवा. खिडकीतच राहिला तर पावसाचं पाणी टाकीत साठतं, आणि पोळ्यापर्यंत तळाला भोक पडलेलं असतं.