इंग्लंडमधल्या स्लाऊमधून घेतलेलं कॅनॅबिस तेल: खासगी क्लिनिकचे आठ महिने

माझं डिप्रेशन जुनं आहे. सर्ट्रालिनच्या गोळ्या झाल्या, मिर्टाझापिनची गोळी चालू आहे (दोन्ही डिप्रेशनवरच्या), मधे एनएचएसकडून, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेकडून, सीबीटी ही बोलून करायची थेरपीही झाली. तरी पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. कॅनॅबिसचं, म्हणजे गांजाच्या झाडापासून बनवलेल्या औषधाचं, विचारलं तर जीपीने (इथल्या फॅमिली डॉक्टरने) सांगितलं की एनएचएस ते डिप्रेशनसाठी देत नाही. फिट्सचे काही दुर्मीळ प्रकार, एमएस या मज्जासंस्थेच्या आजारातला ताठरपणा, कॅन्सरच्या केमोच्या उलट्या, एवढ्यापुरतंच. पण १ नोव्हेंबर २०१८ पासून ब्रिटनमध्ये तज्ज्ञ डॉक्टर ते लिहून देऊ शकतात. म्हणून खासगी क्लिनिक गाठलं. आधीचे दोन उपचार करून झालेत याची नोंद जीपीकडून मागवली आणि आठवड्याने व्हिडिओवर मानसोपचारतज्ज्ञ भेटल्या.

त्यांनी विचारलं, घरात कुणाला भास, भ्रम, मॅनिया? मी लगेच ‘नाही’ म्हटलं. त्या म्हणाल्या, “आईला एकदा विचाराल? मी दोन दिवस थांबते.”

रात्री कराडला फोन लावला. “आई, धाकट्या मामाला नक्की काय झालं होतं गं?” आई बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “येरवड्याला ठेवलं होतं त्याला, सहा महिने. त्याला आवाज ऐकू यायचे. तुझं लग्न व्हायचं होतं, म्हणून कुणी बोललो नाही.” चव्वेचाळीस वर्षांची झाले तेव्हा मला हे कळलं.

डॉक्टरांनी वाफेतून ओढायच्या फुलांचा विचार तिथेच सोडला. घराण्यात असा आजार असेल तर टीएचसीने, म्हणजे कॅनॅबिसमधल्या नशा आणणाऱ्या घटकाने, तो उफाळू शकतो. मला नावापुरतं टीएचसी असलेलं सीबीडीचं, म्हणजे नशा न आणणाऱ्या घटकाचं, तेल दिलं आणि चालू गोळी बंद करू दिली नाही. त्या एका प्रश्नासाठी मी त्यांची फी पुन्हा आनंदाने भरेन.

तेल छोट्या सिरिंजने मोजून रात्री जिभेखाली धरायचं. चव म्हणजे कडुलिंबाचा पाला चावावा आणि वर खवट शेंगतेल प्यावं तशी. तिसऱ्या आठवड्यात साडेपाचपर्यंत झोपले. उठले तर खिडकीत उजेड होता, मी रडले. पण मनावरचं मळभ फारसं हटलेलं नाही, हेही लिहिलंच पाहिजे. डिप्रेशनवर याचा पुरावा तोकडा आहे, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता राग. तपासणीचे साठ पौंड, दर रिपीटचे, म्हणजे तेच औषध पुन्हा लिहून घेण्याचे, वीस, तेलाचे महिन्याला एकशेचाळीस. असं नियंत्रित औषध गुलाबी प्रिस्क्रिप्शनवर मिळतं; माझा मूळ कागदच फार्मसीत पोचावा लागायचा आणि तो अठ्ठावीस दिवसच चालतो. ऑक्टोबरमध्ये स्टॉक संपला. अकरा दिवस बाटली नाही, एक फोन नाही, चॅटवर रोज तेच वाक्य. ज्यांना आधीच उठून बसायला बळ लागतं, त्या पेशंटांना असं ताटकळत ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

गाडी चालवणाऱ्यांसाठी: रक्तात टीएचसीची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, सांगितल्याप्रमाणे घेतलेलं आणि गाडी चालवण्यावर परिणाम झालेला नसेल तर कायद्यात बचाव आहे. मी प्रिस्क्रिप्शनची प्रत गाडीतच ठेवते.

दिवाळीला कराडला जाताना बाटली इथेच ठेवली. भारतात १९८५चा एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे, इथल्या चिठ्ठीवर तिथे विसंबू नका. काका म्हणाले, महाशिवरात्रीला भांग चालते की! भांग पानांची, आणि नुसती पानं त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. फुलांच्या अर्काचं तसं नाही. तीन आठवडे तेलाशिवाय कसे काढायचे ते डॉक्टरांनी आधीच लिहून दिलं होतं. झोप पुन्हा बिघडली, पण निभावलं.

डॉक्टरांना पाच तारे, फार्मसीला एक. क्लिनिक मी सोडलेलं नाही, ते डॉक्टरांमुळे. तुम्ही जाणार असाल तर व्हिडिओवर बसण्याआधी घरी फोन करा; मामा, आत्या, आजोबा, सगळ्यांचं विचारा. आणि बाटली संपायच्या दहा दिवस आधी रिपीट टाका.