रैनबसेरा की कुलूप असलेली खोली?

ग्वाल्हेरची थंडी पुण्याच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा शहराच्या लष्कर भागात महाराज बाडा चौकाजवळ दुकानांच्या ओट्यांवर पोती पांघरलेली माणसं दिसतात.

रैनबसेऱ्याचा, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्याचा, हिशेब सरळ आहे. केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाच्या निकषांनुसार लाख वस्तीमागे शंभर जणांची सोय, माणशी सुमारे 50 चौरस फूट, बारा महिने उघडा. एका छपराखाली पुष्कळ माणसं मावतात. पण हातगाडी बाहेर, नवरा पुरुषांच्या दालनात, बायको दुसरीकडे. उशाखालचं गाठोडं सांभाळत झोपायचं, ती झोप कसली?

अमेरिकेत सिॲटल शहराने निराळी वाट धरली: बेघरांसाठी साधारण 8 बाय 12 फुटांची लाकडी घरं. आत हीटर, दाराला कुलूप. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. मला हीटरपेक्षा कुलूप मोलाचं वाटतं. सामान ठेवून माणूस कामाला जाऊ शकतो, जोडपं एकत्र राहतं.

मात्र अशा एका घराच्या 96 चौरस फुटांत रैनबसेऱ्याच्या मापाने जवळपास दोघं मावतात, आणि बाड्याजवळ तेवढी जागा आहे कुठे? शहराबाहेर घरं बांधली तर हमाल तिथे राहणार नाही. पहाटेचं काम हातचं जाईल. शिवाय मे महिन्यात त्या खोक्याची भट्टी होईल, ते वेगळंच.

थंडीच्या लाटेत माझं मत रैनबसेऱ्याला, पण त्यात कुलपाची पेटी आणि कुटुंबासाठी आडोशाच्या खोल्या हव्यातच.