क्लाउडफ्लेअरची ई-मेल पत्ता झाकण्याची सोय : एक परीक्षण

संकेतस्थळावर आपला ई-मेल पत्ता उघडा लिहावा की लिहू नये, हा प्रश्न मराठवाड्यात छोट्या व्यावसायिकांची संकेतस्थळे सांभाळताना मला नेहमी विचारला जातो. पैठणच्या विणकराला परदेशातील गिऱ्हाईक पैठणीचा काठ, पदर आणि रंग यांविषयी ई-मेलवरच विचारते. जालन्याच्या बियाणे विक्रेत्याकडे पेरणीच्या तोंडावर तालुक्याच्या दुकानदारांच्या मागण्या ई-मेलने येतात. पत्ता दिलाच नाही तर गिऱ्हाईक तुटते. उघडा दिला तर इंटरनेटवर पत्ते गोळा करत फिरणारे प्रोग्राम तो उचलतात आणि कर्जाच्या व लॉटरीच्या मेलखाली खरी मागणी दबून जाते. यावर क्लाउडफ्लेअर या, संकेतस्थळ आणि वाचक यांच्यामध्ये राहून वाहतूक हाताळणाऱ्या कंपनीची पत्ता झाकण्याची मोफत सोय मी वापरतो आणि प्रत्येक छोट्या दुकानाने ती वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पानावर पत्ता नेहमीसारखाच दिसतो व त्यावर बोट ठेवले की मेल लिहिण्याची खिडकी उघडते. मात्र ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू पेज सोर्स’ करून पानामागचा मूळ मजकूर पाहिल्यास त्या जागी आकडे आणि अक्षरे यांची एक निरर्थक वाटणारी माळ सापडते. तिच्यातील पहिली दोन चिन्हे ही किल्ली असते आणि पुढील प्रत्येक जोडीत पत्त्याचे एक अक्षर दडलेले असते. म्हणजे २० अक्षरांच्या पत्त्याची माळ ४२ चिन्हांची होते. वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक लहानशी जावास्क्रिप्ट (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) ती उलगडते. जो प्रोग्राम नुसता मजकूर चाळून ‘ॲट’चे चिन्ह शोधतो, त्याच्या हाती काहीच लागत नाही.

आपल्याकडच्या सरकारी संकेतस्थळांवर कंसात ‘ॲट’ आणि ‘डॉट’ लिहिण्याची पद्धत आहे. ती पत्ते चोरणाऱ्याला फारशी अडवत नाही, कारण हे शब्द बदलून घेणे प्रोग्रामला एका ओळीचे काम आहे. त्रास होतो तो पत्ता हाताने टाइप करणाऱ्या नागरिकाला. पत्त्याचे चित्र लावणे तर मला अन्यायाचेच वाटते, कारण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर अवलंबून असलेल्या अंध वाचकाला त्यातला पत्ता बहुधा मिळतच नाही.

क्लाउडफ्लेअरच्या संस्थापकांपैकी मॅथ्यू प्रिन्स आणि ली हॉलोवे यांनी २००४ मध्ये ‘प्रोजेक्ट हनी पॉट’ सुरू केला होता. त्यात सहभागी संकेतस्थळांवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वेगळा पत्ता दाखवला जाई. पुढे त्या पत्त्यावर स्पॅम आला की तो कोणी आणि केव्हा उचलला, हे कळत असे. या कंपनीला हा विषय मुळापासून ठाऊक आहे, तो असा.

तरीही या सोयीकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. किल्ली त्या माळेतच असल्यामुळे ज्याला ती उलगडायचीच आहे, तो सहज उलगडू शकतो. पूर्ण ब्राउझर चालवून पान वाचणाऱ्या प्रोग्रामलाही पत्ता दिसतो. जावास्क्रिप्ट बंद असलेल्या वाचकाला मात्र पत्त्याऐवजी केवळ इंग्रजी सूचना दिसते. ही सोय एचटीएमएल पानांपुरतीच, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या साध्या वेबपानांपुरतीच आहे. दरपत्रक किंवा माहितीपत्रक पीडीएफमध्ये टाकले असेल तर त्यातला पत्ता उघडाच राहतो, आणि आपल्या भागात महाविद्यालयांपासून बाजार समित्यांपर्यंत पीडीएफचाच भरणा अधिक आहे. ‘इन्फो’ किंवा ‘सेल्स’ने सुरू होणारे पत्ते तर स्पॅम पाठवणारे नुसत्या अंदाजानेही गाठतात.

खरी खटपट सुरुवातीला आहे. संकेतस्थळाची वाहतूक क्लाउडफ्लेअरमार्फत वळवायची, तर साधारणतः डोमेनचे (संकेतस्थळाच्या नावाचे) नेमसर्व्हर, म्हणजे ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणारे संगणक, बदलावे लागतात, आणि अनेक दुकानदारांचे डोमेन संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्याच नावावर असते. ते आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावे; यात संकोच करण्याचे कारण नाही. त्यानंतर पैसे न भरता खाते उघडता येते आणि ही सोय सामान्यतः आपोआप सुरूच असते.

एकदा उचलला गेलेला पत्ता मात्र स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीतून परत निघत नाही. म्हणून ही सोय सुरू करतानाच गिऱ्हाइकांसाठी नवा पत्ता घ्यावा, जुना पत्ता संकेतस्थळावरून आणि जुन्या पीडीएफमधून काढून टाकावा आणि बँक व जीएसटीच्या पत्रव्यवहारासाठी वापरला जाणारा पत्ता कोणत्याही पानावर छापू नये.